संक्रांतीच्या आठवड्यातलं सोलापूर: किल्ला, काठ्या आणि कुडल

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा क्रम संक्रांतीला बांधलेला आहे. भोगीच्या आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होम प्रदीपन, करीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी. संक्रांत १४ जानेवारीला आहे की १५ ला, यावर सगळंच एक दिवस मागंपुढं सरकतं. त्यामुळे गाडीचं आरक्षण करण्याआधी त्या वर्षीची यात्रेची पत्रिका पाहावी. गेल्या वर्षीच्या तारखा धरून आलेला माणूस अक्षता हुकवतो आणि होमाला पोचतो, असं दरवर्षी घडतं.

सगळे दिवस मोकळे नसतील तर अक्षता आणि होम हे दोन सलग दिवस धरावेत. आणि ज्यांना शनिवार-रविवारच मिळतो आणि यात्रा नेमकी आठवड्याच्या मधोमध येते, त्यांनीही निराश होऊ नये. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे पाळणे, खेळणी, खाऊची दुकानं, मुख्य विधी संपल्यावरही बरेच दिवस चालू असतो. पुढच्या शनिवारी किल्ला व गड्डा आणि रविवारी हत्तरसंग कुडलची संगमावरची जुनी देवळं असा बेत छान जमतो. काठ्या, म्हणजे यात्रेतले उंच नंदीध्वज, मात्र त्यात दिसत नाहीत, आणि काठ्यांशिवाय सोलापूर अर्धंच कळतं, हे आधीच सांगायला हवं.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची, सकाळी उतरवते. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळची, त्यामुळे मुक्कामाची खोली आधी ठरलेली हवी. मुंबई-पुण्याहून वंदे भारतही आहे. खोली स्टेशन, नवी पेठ किंवा पार्क चौकाच्या आसपास बघावी. यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद होतात, रिक्षा लांबूनच वळवतात. चालत परतता येईल एवढ्या अंतरावर मुक्काम असला की रात्रीचा अर्धा त्रास वाचतो. स्वतःची गाडी असेल तर ती मुक्कामाच्या जागीच सोडून द्यावी.

आदला दिवस: किल्ला, हुतात्मे, कोटणीस

यात्रा सुरू होण्याआधीचा दिवस शहरासाठी ठेवावा, आणि सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करावी. तो पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे, तिकीट अगदी किरकोळ आहे. सकाळी लवकर गेलं तर तटावर तिरपं ऊन असतं आणि दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं. तिपाई लावून छायाचित्रं काढायची असतील तर वेगळी परवानगी लागते. साध्या मोबाइलला कुणी हरकत घेत नाही.

किल्ला बहामनी काळातला. पुढे तो आदिलशाही आणि निजामशाहीच्या ओढाताणीत सापडला. चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा हुसेन निजामशहानं सोलापूर आंदण म्हणून दिलं होतं. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेनं आधी पेठ आणि मग किल्ला घेतला. दुहेरी तट, बाहेर खंदक, पूर्वेला सिद्धेश्वर तळ्याचं पाणी. सपाट जमिनीवरच्या किल्ल्याला डोंगराचा आधार नसतो, तो आधार इथे पाण्याकडून घेतला आहे. हे नीट कळायचं तर पूर्वेकडच्या तटावर उभं राहून तळ्याकडे बघावं.

आत बत्तीस खांबी वास्तू आहे, ती बहुतेक सगळे पाहतात. पण थांबावं ते कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या देवळाच्या अवशेषांपाशी. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे ज्यांची ही यात्रा त्या सिद्धेश्वरांनी, आपल्या कन्नड वचनांच्या शेवटी जी नाममुद्रा ठेवली ती हीच: कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा ध्यास घेतलेल्या या माणसानं सोन्नलगी नावाच्या गावात देव आणला, तळं खोदवलं, गावाभोवती ६८ लिंगं, अष्टविनायक आणि अष्टभैरव स्थापले. ते सोन्नलगी म्हणजे आजचं सोलापूर. किल्ल्याच्या तटात देवळांचे कोरीव दगड कुठेकुठे उलटे, आडवे बसवलेले दिसतात. तटाच्या कडेनं सावकाश चाललं तरच ते सापडतात. वरच्या वाटेनं भराभर फेरी मारणाऱ्याच्या नजरेतून सगळे निसटतात. किल्ल्याला निदान दोन तास द्यावेत. पाण्याची बाटली सोबत घ्यावी, आणि भिंतींवर मुलांना चढू देऊ नये. काही ठिकाणी चुना सुटून दगड हलते झाले आहेत.

किल्ल्यातून बाहेर पडलं की हुतात्म्यांची आठवण वाटेतच येते. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात सोलापूर इतकं पेटलं की ब्रिटिशांना इथे मार्शल लॉ पुकारावा लागला. त्यानंतरच्या खटल्यातून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. पुण्याच्या गाडीचं हुतात्मा हे नाव यांच्यावरूनच. १२ जानेवारीला शहरात असाल तर चार पुतळ्यांपाशी सकाळी होणाऱ्या अभिवादनाला जावं. शाळेची मुलं रांगेनं येतात, फार भाषणबाजी नसते. यात्रेच्या धामधुमीत हा दिवस बाहेरच्या माणसाला कळतही नाही, पण सोलापूरकर तो विसरत नाहीत.

दुपारी भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक. हे त्यांचं राहतं घर. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण, आणि १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या तुकडीत निवड. बाकीचे परत आले, कोटणीस तिथेच राहिले. डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. स्मारक लहान आहे, तासाभरात होतं, पण तो तास पूर्ण द्यावा. छायाचित्रांचा क्रम समजला तर माणूस समजतो, म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात करू नये. सुट्टीच्या दिवशी उघडं आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. यात्रेच्या आठवड्यात स्थानिक सुट्ट्या येतात, आणि महापालिकेकडच्या जागांच्या वेळा त्याप्रमाणे बदलतात.

वेळ उरला तर महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरून पाहावी. अप्पासाहेब वारद यांचा हा वाडा. दर्शनी भागावरचं कोरीव काम दिवेलागणीच्या आधी पाहिलं तर जास्त खुलतं.

पहिला दिवस: तैलाभिषेक

यण्णीमज्जन असं याचं कन्नड नाव कानावर येईल. सकाळी उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. गावात त्यांना सरळ काठ्या म्हणतात. वेगवेगळ्या समाजांकडे वेगवेगळ्या काठीचा मान आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मानकरी आणि भक्त पांढरी बाराबंदी, पांढरं धोतर आणि डोक्याला फेटा अशा वेशात असतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा गजर उठतो आणि काठ्या हलतात.

काठी उंच, आणि ती एका वेळी एकच माणूस तोलतो. कमरेला बांधलेल्या पट्ट्यात बुंधा टेकवायचा, दोन्ही हातांनी मधला भाग धरायचा आणि नजर वर शेंड्याकडे ठेवायची. खरं कौशल्य ताकदीत नाही, शेंडा ढळायला लागला की पाय किती पटकन त्याच्याखाली आणतो यात आहे. वारा असला की हे कठीण होतं. रस्त्यावर आडव्या तारा आल्या की काठी तिरपी करून खालून काढावी लागते, आणि तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. म्हणून बघणाऱ्यांसाठी दोन नियम. काठीच्या पुढे कधीही उभं राहायचं नाही. आणि तारांखालच्या जागी गर्दीत घुसायचं नाही. काठीच्या मागं किंवा बाजूला दहा-पंधरा पावलांवरून चालावं, तिथून तोल सांभाळणाऱ्याचे पाय आणि शेंडा दोन्ही एका नजरेत दिसतात.

सगळ्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा दिवसभर चालते, काठ्या परत यायला रात्र होते. पूर्ण फेरी करायची तर अनवाणी चालणाऱ्यांबरोबर चालायची तयारी हवी. बहुतेकांना ते झेपत नाही, आणि तसा हट्टही नको. जमेल तेवढं म्हणून सकाळचा पहिला टप्पा चालावा: हिरेहब्बू वाड्यापासून विजापूर वेशीमार्गे सिद्धेश्वर मंदिरापर्यंत. तळ्याकाठच्या अमृतलिंगापाशी तेल वाहून प्रदक्षिणेला सुरुवात होते. पुढे काठ्या शहराच्या कडेकडेनं फिरतात. ही लिंगं कुठे देवळात, कुठे वाड्याच्या अंगणात, कुठे रस्त्याच्या कडेला, कुठे दुकानाच्या पोटात आहेत. बाराव्या शतकातलं गाव केवढं होतं, त्याची हद्द कुठून कुठे जात होती, हे या फेरीइतकं स्पष्ट सांगणारं दुसरं काहीही सोलापुरात नाही. किल्ला, पेठा, गिरण्या हे सगळं या रेषेवर नंतर चढलेले थर आहेत. शहराचा नकाशा घेऊन त्यावर दिवसभराचा मार्ग पेन्सिलीनं काढत गेलं, तर हे डोळ्यांसमोर येतं.

सोबत घ्यायच्या वस्तू कमी असाव्यात: पाणी, टोपी, सकाळसाठी स्वेटर, चपला ठेवायला कापडी पिशवी. जानेवारीत पहाट गार असते आणि अकरानंतर ऊन चांगलंच चटकतं. पांढरे कपडे असावेतच असं नाही, मात्र चालताना पायात मोजे असलेले बूट नकोत. जागोजागी लोक पाणी घालून रस्ता ओला करतात, रांगोळ्या काढतात. त्यावरून बूट घालून चाललेलं कुणाला आवडत नाही, आणि ओले मोजे घेऊन दिवस काढणंही अवघड होतं.

दुसरा दिवस: भोगी आणि अक्षता

सकाळी आधी पोटपूजा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट. हिरवे हरभरे, पावट्याचे दाणे, घेवडा, गाजर, वांगी, बोरं, मिळाला तर ओला हुरडा, हे सगळं तिळाच्या आणि शेंगांच्या कुटात शिजवलेलं. खाणावळींत हे फक्त याच दिवशी मिळतं, आणि दुपारी बारानंतर बहुतेक ठिकाणी संपतं. भाकरी कडक हवी की मऊ, हे विचारतात. कडक भाकरी चटणी-दह्याबरोबर चांगली, खेंगटाबरोबर मऊच घ्यावी, रस धरते.

अक्षता सोहळ्यासाठी सकाळीच अक्षता तयार कराव्यात. एका माणसाला मूठभर पुरतात, चौघांना पाव किलो तांदूळ भरपूर. अख्खे तांदूळ निवडून घ्यावेत, तुकडा नको. त्यात अर्धा चमचा हळद किंवा कुंकू आणि तेलाचे दोन-तीन थेंब घालून हातानं चोळावेत. पाणी जास्त झालं की तांदूळ एकमेकांना चिकटतात, गोळा होऊन पडतात, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला जो डाग पडतो तो निघत नाही. कागदाच्या पुडीत न्याव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतात.

सोहळा होतो तो तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यापाशी. यामागची कथा अशी: सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा एका कुंभारकन्येनं धरली. ते योगी, लग्न करणार नव्हते. शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून द्यायला संमती दिली. नंदीध्वज म्हणजे तोच योगदंड. त्या लग्नाच्या अक्षता म्हणजे हा सोहळा.

दुपारी होणाऱ्या सोहळ्यासाठी निदान तीन तास आधी जागा धरावी. होम मैदानाच्या बाजूनं येणारी गर्दी सगळ्यात दाट असते. पंचकट्ट्याच्या बाजूनं थोडं लवकर आलं तर काठ्या समोरून येताना दिसतात आणि नंतर बाहेर पडणंही सोपं जातं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर अगदी कट्ट्याजवळ जाण्याचा आग्रह सोडावा. ध्वनिवर्धक सगळीकडे असतात, आणि अक्षता जिथे उभे असाल तिथूनच टाकायच्या असतात. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मोबाइलवर विसंबू नये, एवढ्या गर्दीत रेंज जाते.

सातही काठ्या कट्ट्यापाशी येतात, सुगडी पूजन होतं, आणि सम्मतीचं, म्हणजे या लग्नाच्या संमतीच्या मंत्रांचं, वाचन सुरू होतं. भाषा कन्नड. शब्द न शब्द कळला नाही तरी चालतं, पण कान द्यावा. ‘सत्यम् सत्यम्’ असं ऐकू आलं की चहूकडून अक्षता उडतात. वाचनाला टप्पे असतात. पहिल्या टप्प्याला सगळी मूठ रिकामी केली की नंतर हातात काही उरत नाही, म्हणून थोड्या थोड्या टाकाव्यात. मराठी घरातली आजी, तेलुगू विणकर कुटुंब, कन्नड बोलणारा शेतकरी, सगळे एकाच शब्दावर हात उचलतात. सोलापूर तीन भाषांचं गाव आहे हे वाचून माहीत असतं, ते प्रत्यक्ष दिसतं ते इथं. मला या यात्रेतला हा सगळ्यात मोठा क्षण वाटतो. दारूकामापेक्षा आणि पाळण्यांपेक्षा कितीतरी मोठा.

सोहळा संपल्या संपल्या बाहेर पडायची घाई करू नये. अर्धा-पाऊण तास जागीच बसावं, गर्दी विरते. मग तळ्याच्या मधल्या मंदिरात दर्शनाला जावं. सिद्धरामेश्वरांच्या समाधीचं दर्शन घ्यायला रांग लांब असते, तेवढी ताकद नसेल तर ते दुसऱ्या दिवशी पहाटेवर टाकावं.

तिसरा दिवस: संक्रांत, होम

पहाटे साडेपाच-सहाला मंदिरात गेलं तर तळ्यावर धुकं असतं, रांग छोटी असते. दुपार विश्रांतीला ठेवावी, कारण रात्र मोठी आहे.

होमाच्या मिरवणुकीत काठ्यांना नागफणी बांधतात. फण्याचा जड साज शेंड्यावर चढला की काठीचा सगळा भार वर जातो, आणि तोलणं आदल्या दिवसापेक्षा कितीतरी अवघड होतं. नागफणी लावलेली काठी पेलणाऱ्याला गावात वेगळाच मान आहे. त्याच्याभोवती कडं करून माणसं चालतात, थकल्याची खूण दिसताच दुसरा खांदा पुढे येतो. ही अदलाबदल बघण्यासारखी असते: काठी क्षणभरही जमिनीला टेकवत नाहीत, एकाचा पट्टा सुटेपर्यंत दुसऱ्याचे हात बसलेले असतात.

रात्री होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या करून, तिला साडी नेसवून, सौभाग्यलेणी घालून होमकुंडात अग्नी दिला जातो. योगदंडाशी लग्न लागलेल्या त्या मुलीच्या सती जाण्याची ही आठवण. बरोबर लहान मुलं असतील तर कथेचा हा भाग आधीच समजावून सांगावा. वाऱ्याची दिशा बघून उभं राहावं, धूर अंगावर येतो. यानंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, चारा, गूळ असं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की स्थिर राहतं, यावरून येत्या वर्षाचा पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. जिरायती ज्वारीवर जगणाऱ्या जिल्ह्यात हे ऐकायला शेतकरी रात्री उशिरापर्यंत का थांबतात, हे वेगळं सांगायला नको. हे सगळं आटोपायला मध्यरात्र होते, तेव्हा रात्रीचं जेवण आधीच उरकून यावं.

चौथा दिवस: कर, सकाळी कुडल, रात्री दारूकाम

करीचा दिवस संध्याकाळपर्यंत मोकळा असतो. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर, विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या बाजूनं. एसटी असते, पण फेऱ्या थोड्या. चौघं असाल तर गाडी करणंच बरं. सकाळी सातला निघालं तर नऊच्या आत तिथं, आणि दुपारी जेवायला परत. खायला, प्यायला आपलं आपण न्यावं.

भीमा आणि सीना इथे मिळतात. संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे, आणि त्याच्या तुळईवर मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक कोरलेला आहे. काळ शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. शेवटची ओळ ‘वाछि तो विजेया होईवा’, जो हे वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख प्रकाशात आणला. हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजच्या सोलापुरी माणसाला अजूनही अडखळत का होईना, वाचता येतं.

लेख पाहण्याची पद्धत महत्त्वाची आहे. समोरून टॉर्च मारला तर अक्षरं सपाट होतात, काहीच दिसत नाही. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरावा, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खोबणीत सावली पडते. एकानं टॉर्च फिरवायचा, दुसऱ्यानं वाचायचं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, पाणी यांतलं काहीही लावू नये. खडूची भुकटी खोबणीत बसते आणि काढताना घासल्यामुळे कडा झिजतात. तेलानं तर दगड कायमचा काळा पडतो, आणि त्यावर धूळ चिकटत जाते. छायाचित्र काढायचं तर फ्लॅश बंद ठेवून, बाजूच्या उजेडात.

शेजारीच हरिहरेश्वराचं देऊळ आहे. उत्खननात इथे जे शिवलिंग निघालं त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, रांगेवर रांग. लांबून ते खरबरीत दगडासारखं दिसतं. जवळ बसून एक रांग धरावी आणि डावीकडून उजवीकडे चेहरे बघत जावं. बसण्याची ढब, चेहरेपट्टी बदलत जाते. लिंगाला हात लावून मोजायचा मोह टाळावा. संगमाच्या पाण्यात उतरू नये. काठावर गाळ आहे आणि पाणी वरून दिसतं त्यापेक्षा खोल असतं.

परतताना वाटेत शेतात हुरडा मिळाला तर सोडू नये. या दिवसांत गुळभेंडी ज्वारीची कणसं दुधाळ असतात. आगटी गोवऱ्यांची हवी, लाकडाच्या जाळात कणीस वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. निखाऱ्यात पुरलेलं कणीस दाणा पोपटीकडून किंचित पिवळसर झाला की काढावं, गरम असतानाच हातावर चोळावं. गार झाल्यावर दाणा सुटत नाही. सोबत शेंगांची चटणी, दही, गूळ. दाणा निबर झालेला असेल तर शेतकरी स्वतःच सांगतो, मग आग्रह धरू नये.

कुडलऐवजी मंगळवेढ्याची दिशा धरायची असेल तर वाटेत भीमेकाठी माचणूर लागतं. तिथल्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. किल्ल्याचे अवशेष आणि नदीकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ. एका सकाळीत कुडल आणि माचणूर दोन्ही करू नयेत, कुठेच धड थांबणं होत नाही.

संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम. मैदानाच्या मधोमध बसण्यापेक्षा तळ्याच्या पलीकडच्या काठावरून बघावं. पाण्यात दुहेरी दिसतं आणि धूरही कमी लागतो. तान्ह्या मुलांच्या कानात कापूस घालावा.

पाचवा दिवस: खरेदी, बाळीवेस

शेवटच्या दिवशी बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी होते, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं, साज उतरवतात. गर्दी मोजकी, घरगुती वातावरण. पाच दिवस काठ्यांमागे चालणारे लोक इथे एकमेकांचा निरोप घेतात.

त्याआधी खरेदी. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन आहे. चादर घेताना घडी उलगडून दोन्ही बाजू बघाव्यात: जॅकार्डवर विणलेली नक्षी उलट बाजूलाही दिसते, रंग तेवढे उलटलेले असतात. मागची बाजू फिकट, कोरी असेल तर ती छापील आहे. बोटानं सूत ओढून बघावं, खळ फार असेल तर पांढरी भुकटी हाताला लागते; असली चादर पहिल्या धुण्यानंतर निम्मी हलकी होते. पहिली धुलाई गार पाण्यात, मूठभर मीठ घालून, एकटीच. पूर्व भागात अशोक चौकाकडे यंत्रमागांचा आवाज दिवसभर चालू असतो. पद्मशाली विणकरांची ही वस्ती, आणि त्यांचा मार्कंडेय रथोत्सव नारळी पौर्णिमेला निघतो. श्रावणात येणार असाल तर तो दिवस नोंदवून ठेवावा.

शेंगांची चटणी घेताना उखळात कुटलेली मागावी. कुटल्यानं दाण्याचं तेल हळूहळू सुटतं आणि चटणी लगदट, पण दाणेदार राहते. यंत्रात फिरवली की एक तर कोरडा भुगा होतो नाहीतर पीठ होतं. चिमूट बोटांत दाबल्यावर बोट तेलकट झालं म्हणजे चांगली. बंद डब्यात दोन-तीन आठवडे नीट राहते, ओला चमचा घातला की बिघडते.

पावसाळ्यासाठी राखून ठेवावं असं: नळदुर्ग

जानेवारीच्या फेरीत नळदुर्गही उरकून घेऊ, असं बरेच जण ठरवतात. हैदराबाद रस्त्यावर पाऊण-एक तासाचं अंतर आहे, जाता येतं. पण त्या किल्ल्याची खरी गंमत पाण्यात आहे. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. तलाव भरला की पाणी दोन सांडव्यांवरून कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. आणि मधल्या महालात बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंबही येत नाही. जानेवारीत हे दोन्ही सांडवे बहुधा कोरडे असतात. भाद्रपदात चांगला पाऊस झाल्यावर एखादा शनिवार धरावा. तलाव भरला का, सांडवा वाहतो का, हे नळदुर्गला आधी फोन करून विचारावं, कारण सोलापुरात पाऊस पडला म्हणून बोरीला पाणी आलं असं होत नाही, तिचं पाणलोट क्षेत्र वेगळं आहे. महालात उतरणाऱ्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तळव्याला खाचा असलेले बूट हवेत. उपळी बुरुजावर दोन लांब तोफा आहेत, तिथून सगळा बांध एका नजरेत येतो. आधी बुरूज चढून मग महालात उतरावं, म्हणजे पाणी कुठून कुठे जातं ते आधी समजतं.